रिकामा रकाना

सकाळी उजेड आधी पायऱ्यांवर उतरतो. परळच्या या रुग्णालयाच्या तळघरात त्याला कसलीच घाई नसते. तो जाळीतून फरशीवर चौकटी मांडतो, भिंतीवरच्या ओलीपाशी रेंगाळतो आणि पुष्कळ वेळाने माझ्या गंजलेल्या पायाशी येऊन थांबतो. तेवढाच माझा रोजचा पाहुणा. मित्रांनो, मी एक जुने यंत्र आहे. भोके पाडलेली कार्डे वाचून रुग्णांची यादी छापणे, हे माझे काम होते.

संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीच्या वर्षांत मी वरच्या मजल्यावर होते. माझ्या तारा जोडल्या त्या कमलाकांतांनी. हे कारकून तसे अबोल, माझ्यापाशी मात्र पुटपुटत. प्रत्येक कार्डाचा शेवटचा रकाना सांगे, रुग्ण घरी गेला की वारला. तिथे भोक पाडायचे राहून गेले तर मी काय छापावे, हे आधीच ठरवून ठेवावे लागे.

"रकाना रिकामा आला तर काय धरायचं रे?" त्यांचे वरिष्ठ मनमोहन यांनी विचारले.

"घरी गेला, असं धरू. बहुतेक जातातच की, साहेब."

"तुझ्या तोंडात साखर पडो," मनमोहन हसले.

माझे फार कौतुक झाले. माझी यादी कधी अपुरी नसे.

मग पोलिसांच्या गोळीबाराचा दिवस आला. वॉर्ड भरले, कार्डे भरणारे हात अपुरे पडले. तिसऱ्या दिवशी लालबागच्या रमाबाई दाराशी आल्या. त्यांचा गिरणीकामगार मुलगा गणपत जखमी होऊन इथे दाखल झाला होता. कमलाकांतांनी यादीवर बोट ठेवले.

"मावशी, गणपत तर घरी गेला."

"घराक गेलो? मगे मी खंयच्या घरात बसलंय, झिला? दोन दिस तेचो भात झाकून ठेवलंय."

कमलाकांतांनी कार्ड शोधून काढले. शेवटचा रकाना कोरा होता. ते स्वतः वॉर्डात जाऊन आले, पण रमाबाईंकडे त्यांना पाहवेना. गणपत पहिल्याच पहाटे वारला होता.

त्या संध्याकाळी त्यांनी माझी एक तार काढून दुसरीकडे खोचली. तेव्हापासून रिकाम्या रकान्यापुढे मी 'ठाऊक नाही' असे छापू लागले.

"यादी अर्धवट दिसते," मनमोहन कुरकुरले.

"दिसू दे, साहेब. निदान कुणी शोधायला तरी जाईल."

मित्रांनो, जे माहीत नाही तिथे गोड उत्तर भरू नका. रिकाम्या जागेलाही जपावे लागते.

पुढे एका सोमवारपासून कमलाकांत आले नाहीत. कुणी मला काही सांगितले नाही. मग मलाच खाली आणून ठेवले. इतकी वर्षे मी मनाशी धरून चालले आहे, की ते घरी गेले असतील, गिरगावातल्या गॅलरीत चहा घेत बसले असतील.

कमलाकांत कुठे गेले, ते मला ठाऊक नाही.