बॉनेट सगळ्यात शेवटी

"आता या दाराला कोणी हात लावायचा नाही," मिस्तरी तोंडाला मास्क चढवता चढवता म्हणाला. "धुळीचा एक कण आत आला, की ओल्या रंगावर बसलाच म्हणून समजा."

"किती वेळ लागेल?" धाकट्या मालकाने विचारलं.

"आधी टप, मग दोन्ही बाजू, मग मागचं. बॉनेट सगळ्यात शेवटी. तास तरी धरा. घाई करून चालत नाही साहेब. रंगाखालच्या अस्तरावर तेलाचं नुसतं बोट लागलेलं असलं ना, तरी रंग तिथं धरत नाही. माशाच्या डोळ्यासारखे खड्डे पडतात. म्हणून तर सकाळी सगळी गाडी माझ्या हाताने पुसून घेतली."

दार लागलं. आत रंगाचा फवारा फसफसायला लागला आणि बाकावर बसलेल्या म्हाताऱ्या ड्रायव्हरच्या तोंडचं पाणी पळालं.

कारण मिस्तरीने पुसून झाल्यावर, तो चहाला गेला तेवढ्यात, म्हाताऱ्याने बॉनेट परत पुसलं होतं.

मुद्दाम नव्हे हो! थोरले मालक होते तेव्हापासून, एकतीस वर्षं, हा माणूस रोज सकाळी ते बॉनेट पुसत आला. बायको म्हणायची, "माझ्या तोंडावरून कधी असा हात फिरवला नाहीत." आज त्या राखाडी अस्तरात गाडी त्याला आजारातून उठल्यासारखी दिसली, आणि हात आपोआप खिशातल्या फडक्याकडे गेला. त्या फडक्यात वर्षानुवर्षांचं तेलकट पॉलिश मुरलेलं. जित्याची खोड, दुसरं काय!

आणि कालच धाकट्याने सुनावलं होतं, "काका, प्रदर्शन होईपर्यंत गाडीला हात लावायचा नाही. मागं तुम्ही घरच्या घरी ब्रशने रंग मारलात, तो खरवडून काढायला महिना गेला. आता काही उद्योग केलात तर चावी माझ्या हातात द्यायची आणि घरी बसायचं."

घरी बसायचं. बायको गेल्यापासून घरात होतं काय? एक खाट आणि एक घड्याळ. गाडी होती म्हणून माणूस सकाळी दाढी करत होता.

जुन्या गाड्यांचं प्रदर्शन उद्या सकाळी. म्हाताऱ्याने दाराच्या काचेतून आत पाहिलं. टप झाला होता. मिस्तरी उजव्या दाराशी होता.

"काका, घाम का आलाय एवढा?"

"उकडतंय जरा."

"डोक्यावर पंखा फिरतोय की!" धाकटा हसला. आज स्वारी खुशीत होती. "या मिस्तरीचं नाव फार ऐकलंय. बघू. एक जरी डाग निघाला ना, तर सगळ्या गाडीवाल्यांना सांगतो, याच्या दारात पाऊल ठेवू नका."

डावी बाजू झाली. म्हातारा उठला, बसला, परत उठला. गप्प राहिलं तर कोणाला कळणार होतं? मिस्तरीही त्याच्याच वयाचा; त्याला स्वतःलासुद्धा वाटलं असतं, पुसताना आपलीच काही चूक झाली. या वयात माणसाला असं पटकन वाटतं. म्हाताऱ्याला ते चांगलं ठाऊक होतं.

मागचं झालं. मिस्तरी वळसा घालून पुढे आला आणि बॉनेटसमोर उभा राहिला.

धाड! धाड! म्हातारा दोन्ही हातांनी काच बडवत होता. आत मिस्तरीने चमकून मान वर केली. म्हाताऱ्याने फडकं काचेला लावलं, बॉनेटकडे बोट केलं आणि हात गोल गोल फिरवून दाखवला. मिस्तरी क्षणभर पाहत राहिला. मग त्याने फवारा खाली घेतला.

"हे काय चाललंय?" धाकटा ओरडला.

"बॉनेट मी पुसलं, साहेब. पॉलिशच्या फडक्याने. यांची काही चूक नाही."

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

मिस्तरी मागच्या दाराने बाहेर आला. "कुठं कुठं लागलंय?"

"सगळीकडे. डाव्या दिव्याच्या वर जरा जास्तच."

"मग आज होत नाही. धुवायचं, घासायचं, अस्तर परत. उद्या संध्याकाळ उजाडेल."

धाकट्याने नुसता तळहात पुढे केला. चावी जुडग्याच्या कडीतून काढायला म्हाताऱ्याला वेळ लागला. नख म्हातारं झालेलं, कडी घट्ट. धाकटा तेवढा वेळ तसाच हात धरून उभा राहिला, आणि चावी मिळताच निघून गेला.

"अहो ड्रायव्हरसाहेब," बाकीचा रंग सुकल्यावर मिस्तरी म्हणाला, "बसून काय राहिलात? हात धुवा. साबणाने. दोनदा."

म्हातारा हात धुऊन आला. मिस्तरीने गाडीचं रंगवलेलं अंग कागदाने झाकलं होतं, नुसतं बॉनेट उघडं ठेवलं होतं. त्याने ओला घासकागद म्हाताऱ्याच्या हातात दिला.

"हलक्या हाताने."

"हलका हात येतो मला," म्हातारा म्हणाला.

तो घासायला लागला. राखाडी पाणी बॉनेटवरून ओघळून त्याच्या पॉलिश केलेल्या बुटांवर पडत होतं. त्याने पाय मागे घेतले नाहीत.