शेंदूर लावलेला चरक

भिकुबाईची दोन बोटे गेली तेव्हा सोसायटीचे चेअरमन चुनीलाल आप्पा फार हळहळले. गुळासाठीचा अख्खा काहीलभर रस ओतून द्यावा लागला होता.

ही गेल्या हंगामातली गोष्ट. तापीकाठच्या त्या गावात सत्तावन्न सालीही सोसायटीचा ऊस पिळायचा चरक बैलांवरच चाले. बैल फिरत, लोखंडी लाटा, म्हणजे रूळ, फिरत आणि त्यांच्या जबड्यापुढे बसून एक बाई ऊस सरकवत राही. यंदा भिकुबाईच्या जागी तिची जाऊ दगूबाई बसायची होती.

दगूबाईने शेजारच्या कोरीट गावचा नवा चरक पाहिला होता. आपल्या चरकाच्याच कारखान्याचा, हुबेहूब तसाच. फक्त लाटांपुढे एक पत्रा आणि त्याला ऊस जाईल एवढे भोक. हात जात नव्हता. म्हणजे कारखान्याला आपली चूक उमगली होती. तिथे नारळ फोडताना त्या पत्र्याचे कौतुक आप्पांनीच केले होते.

दगूबाई तडक आप्पांच्या ओट्यावर गेली.

"आप्पा, तसा पत्रा आपला चरकले लावा. खात्या लोहार करी देई."

"दगू, तो नवा चरक शे. आपला घडी बठेल शे. चालू शे ना? मंग कसाले हात लावाना?"

"हात तर मीच लावसू त्याले! मन्हा हात शे हाऊ, ऊसनं कांडं नही."

"आज पत्रा मांगस, सकाय नव्या लाटा मांगशी. अन् दसराले शेंदूर लायेल शे त्याले. तठे छिद्र पाडू का?"

"लाटा ऱ्हाऊ द्या तुम्हले. माले फक्त पत्रा."

पंच मंडळी बसली. त्यांतल्या एकानेही जन्मात चरकात ऊस घातला नव्हता, त्यामुळे विचार अगदी शांतपणे झाला. ठरले असे, की चरक निर्दोष आहे. बायांनी जपून बसावे.

दगूबाईच्या अंगाचा तिळपापड झाला. हंगामाच्या पहिल्या सकाळी बैल जुंपले, गाव जमले, आणि ही पदरात हात गुंडाळून उभी.

"चरकम्हा दोष नही ना, आप्पा? मंग पयला ऊस तुम्ही लावा."

एवढ्या लोकांत नाही कसे म्हणणार? आप्पांनी खांद्यावरचे उपरणे काढून ठेवले. बाह्या कोपरावर सारल्या. धोतराचा सोगा खोचला. मग बोटातली अंगठी ओढून काढली आणि गड्याच्या, सुपडूच्या, हाती दिली.

"दोष नही, तर अंगठी कसाले काढी?" दगूबाईने विचारले.

गाव खो खो हसले. आप्पांनी ऊस शेवटच्या टोकाला धरला, जळते लाकूड चुलीत सारावे तसा लांबून पुढे केला, आणि अर्ध्यावरच टाकून दिला.

"बैल थांबाडा!"

ठराव उभ्या उभ्या सुधारला गेला. चरकाला धक्का लावायचा नाही. शेजारी खांब रोवून पत्रा त्या खांबाला ठोकायचा. शेंदूर शाबूत राहिला. दुपारपर्यंत पत्रा उभा राहिला आणि आप्पांनी त्यापुढे नारळ फोडला.

"आपली सोसायटीनी येळवर सुधारणा करी!" ते म्हणाले आणि खोबरे वाटत निघाले.

भिकुबाईने हात पसरला. तुकडा तळव्यावर पडला, बोटे नव्हती तिथून घरंगळला आणि मातीत गेला.

दगूबाईने तो उचलला, पदराला पुसला आणि आप्पांच्या तळहातावर परत ठेवला.

"तुम्हीच खा, आप्पा," ती म्हणाली. "तुम्हनी येळ बरोबर शे."

मग ती पत्र्यामागे जाऊन बसली आणि तिने ऊस मागितला.