न शिवलेला बर्फ

हिशेब मांडला तर या बर्फाकडून श्रीनिवासला एक बायको परत मिळायची होती. भानुमती चार वर्षांपासून कॅनडातल्या एका समुद्रकाठच्या गावी नोकरीला. तिथल्या कंपनीला समुद्राच्या तळात तेलाची पाइपलाइन पुरायची होती. पण हिमनग वाहत येतात आणि त्यांची बुडं तळ खरवडत जातात. पाइप किती खोल पुरला म्हणजे वाचेल, याची चाचणी स्वस्तात पडते म्हणून श्रीनिवासच्या कॉलेजकडे आली. शब्द भानुमतीनेच टाकला होता. कंपनीने ठरवलेली खोली पुरेशी निघाली की काम सुरू, आणि देखरेखीला श्रीनिवास तिकडे. इकडे उस्मानपुऱ्यातल्या घरी एकट्यापुरती खिचडी लावली, की कुकरसुद्धा शिट्टी द्यायला कुरकुरायचा.

लॅबमधला मदतनीस सांडू पडेगावहून हिमनग म्हणून पोत्यात गुंडाळलेली बर्फाची लादी घेऊन आला.

"साहेब, भराभर हात उचला. तुमचा डोंगर लई पाझरायलाय."

"घरी कोण वाट बघतंय माझी?"

"म्हणून तर म्हणतो. बाईसाहेबांकडं पोचा एकदाचे."

हौदात समुद्रतळ म्हणून ओला चिखल, त्यात पाइप म्हणून कंपनीच्या मापाने पुरलेली तांब्याची बारीक नळी. दोर ओढला तशी लादी चिखल नांगरत गेली. नळीच्या वर चार बोटं चिखल शिल्लक राहिला.

"शिवला बी नाय! पेढे काढा, साहेब."

श्रीनिवासने फोन काढलाही होता. पण सवयीने आधी चिखल उकरला. नळी वाकलेली. बर्फ वरूनच गेला होता; खालचा चिखल मात्र त्याच्यासोबत सरकला आणि नळीला ओढत घेऊन गेला.

सांडूने आवाज उतरवला. "बर्फ लागला नाय, हे तर खरं हाय ना? तेवढंच लिवा."

खरं होतं. तेवढ्याच वाक्यावर विमानात बसता आलं असतं. पण तिकडे समुद्राखाली उकरून बघायला कोण जाणार होतं? श्रीनिवासने लिहिलं: नळी वाकली, आणखी खोल पुरा.

कंपनीला ते परवडेना. काम गुंडाळलं.

"अहो, बर्फ शिवलाच नव्हता ना?" भानुमतीने फोनवर विचारलं.

"नाही."

"मग?"

"खालचं सगळं सरकलं होतं."

तिकडे कुकरची शिट्टी झाली, तिने गॅस बंद केला. मग म्हणाली, "जेवलात?"

"खिचडी."

"माझीही तीच."

आता जमाखर्च. कंपनीचा पाइप न पुरताच वाचला, मासे वाचले, सांडूच्या घरी उरलेल्या बर्फाचं सरबत झालं. किंमत दोन कुकरांनी मोजली. एक इकडचा, एक तिकडचा.