आईची सही

बाटल्यांची झाकणं बनवणाऱ्या त्या कंपनीत बहीण-भावाची निम्मी-निम्मी भागीदारी होती. हिशेब ताई बघायची, गिऱ्हाइकं धाकटा. वीस वर्षांत पहिल्यांदाच खात्यात चार कोटी शिल्लक पडले होते. डोक्यावर जुनं कर्ज तीन कोटींचं. पलीकडच्या रस्त्यावरचा स्पर्धकाचा कारखाना दहा कोटींना विकायला निघाला होता आणि मालकाने आज संध्याकाळी पाचपर्यंतचीच मुदत दिली होती.

"चार आपले, सहा बँकेचे," धाकटा म्हणाला. "पैसा नुसता पडून काय अंडी घालणार आहे?"

"निम्म्याहून जास्त माल एकच गिऱ्हाईक उचलतं. उद्या त्याने पाठ फिरवली, तर नऊ कोटींच्या कर्जाचे हप्ते कुठून भरशील?"

"तू आयुष्यभर ताकही फुंकूनच पीत आलीस."

"कारण तोंड माझं पोळलंय. मागच्या मंदीत पगार थकले तेव्हा गेटवर मी उभी होते. तू दौऱ्यावर होतास."

खाली साचे बदलायला मशिनं थांबली आणि खोलीतलं बोलणं एकदम मोठं वाटायला लागलं. ताईने बँकेत द्यायची फाइल ओढली. तारणाच्या पानावर तिचं बोट थबकलं. आईच्या घराचा पत्ता. खाली आईची थरथरती सही, दोनच दिवसांपूर्वीची.

"हे काय?"

"बँकेला तारण हवं होतं. आई हो म्हणाली."

"कशाला हो म्हणाली, हे तिला ठाऊक आहे?"

तो घड्याळाकडे बघत राहिला. ताईने तिथूनच फोन लावला आणि स्पीकर सुरू केला.

"विम्याचा कागद आहे म्हणाला," आई म्हणाली. "का गं, माझं काही चुकलं का?"

"नाही आई. तुझं नाही."

धाकट्याचे कान लालबुंद झाले. "घर जाऊ दिलं नसतं गं मी."

पाचला वीस मिनिटं कमी होती. ताईने ते पान काढून फाडलं. "दोन कोटी जुन्या कर्जात भरायचे. एक पगारांसाठी राखून ठेवायचा. उरलेल्या एकात तुला हवं ते मशीन घे, आणि दुसरं मोठं गिऱ्हाईक शोध."

"कंपनी निम्मी माझीही आहे!"

"म्हणूनच सही तुझी लागेल. आईची नाही."

तो दार आपटून गेला. पाच वाजले, सौदा हुकला. सोळाव्या दिवशी तो आला, ताईने ठरवलेल्या वाटपाच्या कागदावर मान खाली घालून सही केली आणि कामाला लागला. आईने त्याला काय सुनावलं, ते ताईने कधी विचारलं नाही.

तो कारखाना तिसऱ्याच माणसाने घेतला. वर्षभरात तिथे तीन पाळ्या सुरू झाल्या, यांची दोन गिऱ्हाइकंही तिकडे गेली. ताईला ते फार लागलं.

"कदाचित तुझंच बरोबर होतं," एकदा ती म्हणाली.

धाकट्याने नमुन्यांची पिशवी उचलली. "साडेतीनला नव्या गिऱ्हाइकाकडे जायचंय. तूही चल, आकडे तू सांग. मी थापा मारतो असं वाटतं त्यांना."