शेवग्याखालचं पाणी

बाळांनो, जरा डोळे मिटा आणि असं समजा, की तुम्ही डिंगोरे गावात जानकाबाईंच्या अंगणात उभे आहात. डोक्यावर शेवगा आहे. झाडाखाली बाज, बाजेवर मेणकापड आणि मेणकापडावर आठ महिन्यांचा स्वराज. त्याने नुकताच लंगोट भरला आहे आणि या पराक्रमावर तो एकटाच खूष आहे. नाक दाबू नका. जानकाबाई दाबत नाहीत.

त्यांचा डावा हात स्वराजच्या पोटावर आहे. काम पुरं होईपर्यंत तो तिथून हलायचा नाही, कारण एवढं पोर कधी कुशीवर वळेल याचा भरवसा नसतो. म्हणून कोरडा लंगोट, ओलं फडकं, झाकणाची बादली, सगळं आधीच उजव्या हाताशी मांडलेलं आहे.

आणि नेमकं तेव्हाच फाटक वाजलं.

स्वराजची आजी, धोंडाबाई, आत आल्या. तरातरा चालत आल्या म्हणायला हवं, पण गुडघे तसं चालू देत नव्हते. गोठा झाडता झाडता मनात काहीतरी उसळलं आणि झाडू टाकून त्या तशाच निघाल्या होत्या. नातवाला पाहताच त्यांनी दोन्ही हात पुढे केले.

"आण त्याला हिकडं. दोन्ही पोरं घेऊन जाते मी."

जानकाबाईंनी मान वर केली नाही. "घ्या की. पर आदी हात, धोंडाक्का."

"काय?"

"हात धुवा, म्हणते. लेकराला घ्यायच्या आदी आमी समदी धुतो."

अंगणात चार-पाच पोरं खेळत होती, ती थांबली. धोंडाबाईंचा आवाज चढला. "माझ्याच नातवाला हात लावायला तुझी परवानगी? तुझ्या दारात? माझ्या हाताचा इटाळ व्हतो व्हय गं तुला, जानके?"

इटाळ. हा शब्द धोंडाबाईंच्या तोंडून गेला आणि त्यांचं त्यांनाच कसंसं झालं. तुम्हाला तो ठाऊक नसेल, तर बरंच आहे. एके काळी काही माणसं दुसऱ्या माणसांना शिवत नसत. पाणी द्यायचं तर तांब्या उंच धरून वरून ओतायचं, आणि तहानलेल्यानं खाली ओंजळ धरायची. जानकाबाईंच्या आईनं धोंडाबाईंच्या सासरच्या रानात असं पुष्कळ पाणी प्यायलं होतं. बाबासाहेबांच्या मागोमाग घरानं बौद्ध धम्म घेतला, तरी रानातला तांब्या बरीच वर्षं उंचच राहिला. कधीकधी तो तांब्या नव्या नवरीच्या हातात असायचा. त्या नवरीचं नाव धोंडाबाई.

जानकाबाईंनी स्वराजची लंगोटी बांधली आणि शांतपणे म्हणाल्या, "इटाळ न्हाई म्हणत मी, धोंडाक्का. शेण म्हणते."

धोंडाबाईंनी हातांकडे पाहिलं. मनगटापर्यंत शेण होतं.

जानकाबाई बोलल्या शांतपणे, पण पणाला पुष्कळ लागलं होतं. अंगणवाडीत मदतनीस म्हणून त्यांचा जन्म गेला. निवृत्त झाल्यावर त्यांनी हे पाळणाघर काढलं. वरच्या आळीतल्या घरांनी पोरं पाठवायला सुरुवात केली ती हर्षालीमुळे. हर्षाली म्हणजे धोंडाबाईंची सून, ओतूरला औषधाच्या दुकानात कामाला. धोंडाबाई तेव्हा लेकीकडे होत्या. परत येऊन पाहतात, तर नातवंडं जानकेच्या दारात. आज त्या पोरं घेऊन गेल्या, तर उद्या वरच्या आळीतली एकेक आजी येऊन आपापलं पोर उचलणार आणि अंगण रिकामं होणार, हे जानकाबाईंना पक्कं ठाऊक होतं. "बरं, राहू द्या, घ्या तसंच," असं म्हटलं असतं, तर कदाचित सगळं वाचलंही असतं.

पण मागच्याच महिन्यात पोरांना जुलाब लागले होते. तेव्हापासून नियम म्हणजे नियम.

"नळ कुटंय तुझा?" धोंडाबाईंनी विचारलं.

नळ नव्हताच. शेवग्याच्या फांदीला तेलाचा रिकामा कॅन पाणी भरून टांगला होता. त्याला भोक, भोकाजवळून दोरी, दोरीच्या टोकाला जमिनीवर काठी. काठीवर पाय दिला, की कॅन वाकायचा आणि धार लागायची. घाणेरड्या हातांनी कशालाच शिवायला नको. शेजारी कांद्याच्या जाळीच्या पिशवीत साबण लोंबत होता. खाली अळू माजलं होतं.

कॅन टांगला त्या दिवशी जानकाबाईंचे मालक सोमनाथ चिडले होते. "पुन्यांदा वरून पाणी? आपल्या दारात? डोकं फिरलं का तुजं?"

"तवा तांब्या त्यांच्या हातात व्हता," जानकाबाई म्हणाल्या होत्या. "आता काठी ज्याच्या त्याच्या पायाखाली हाय."

सोमनाथांनी मग दोरीची गाठ स्वतः घट्ट केली होती.

धोंडाबाई कॅनखाली गेल्या खऱ्या, पण काठीवर द्यायला पाय उचलेना. गुडघा कुरकुरला. त्या तशाच उभ्या राहिल्या. आता मागे वळतात की काय, असं वाटेपर्यंत उभ्या राहिल्या. तेवढ्यात त्यांची नात समृद्धी, चार वर्षांची, पळत आली आणि दोन्ही पायांनी काठीवर चढली.

"धर ना हात, आजी! पाणी चाललंय!"

वरून धार आली. धोंडाबाईंनी ओंजळ धरली. आयुष्यभर तांब्या धरलेल्या त्या हातांनी ओंजळ बहुधा पहिल्यांदाच धरली असावी. पाणी बोटांतून गळत राहिलं. त्यांनी एकदा जानकाबाईंकडे पाहिलं आणि नजर खाली घेतली.

समृद्धी काठीवर डुलत म्हणायला लागली,

"तळवा तळवा, पाठ पाठ,
बोटांमधली वळणवाट,
अंगठेदादा, फिरा गोल,
नखांनाही चोळ चोळ!"

बाकीच्या पोरांनी सूर धरला. गाणं संपल्याशिवाय धुणं संपत नाही, अशी इथली रीत. संपल्यावर समृद्धीनं आजीचे हात ओढून नाकाशी नेले. जानकाबाई रोज सगळ्यांचे हुंगायच्या, तसेच.

"शेण येतंय. परत!"

"अगं बया! ही पोरगी का फौजदार?" धोंडाबाई म्हणाल्या, पण त्यांनी पुन्हा साबण घेतला. दुसऱ्यांदा त्या पास झाल्या. सवयीनं हात पदराकडे गेले, तोच खालून आवाज आला, "पदर नाय! झटक!" वरच्या आळीत जिच्यापुढे सुनाच काय, लेकही ब्र काढत नाही, ती बाई उन्हात उभी राहून कोंबडीसारखे हात झटकू लागली.

जानकाबाईंनी स्वराजला उचलून त्यांच्याकडे दिलं. देताना बोटांना बोटं लागली. स्वराजनं आजीच्या नाकातली फुली धरली.

"वास चांगला येतोय गं साबणाचा," धोंडाबाई म्हणाल्या. मग मान ताठ करून, "उद्या सोडाया मीच येनार पोरांना. बघते, तू रोज धुतीस का न्हाईस ते. आत्ता लंगोट बदाललास, तुझं हात कुनी धुवायचे?"

"बाळ खाली कसं ठिवू? तुमी घेतलंत, आता धुते," जानकाबाई हसल्या आणि शेवग्याखाली गेल्या.

काठीवर पाय ठेवायला गेल्या, तर समृद्धी अजून तिथंच. "मी देते पाणी. तू हात धर."

जानकाबाईंनी हात धरले. वरून पाणी आलं. हातांवर पडलं, मनगटावरून ओघळलं, अळूत गेलं. गाणं पुरं झालं तरी त्यांचे हात जरा वेळ तसेच पुढे राहिले.

समृद्धी काठीवरून उतरली. तिनं जानकाआजीचे तळवे हुंगले, उलटे करून पुन्हा हुंगले. मग "आता माझे!" म्हणत आपले दोन्ही तळवे उघडून त्यांच्या नाकासमोर धरले.