अध्यक्षांचा त्याग

गावातली भांडणं संपली आणि उदेलाल बिसेनची झोप उडाली.

उदेलाल तंटामुक्त गाव समितीचा अध्यक्ष. गाव बिरसीच्या धावपट्टीला लागूनच, त्यामुळे शिकाऊ वैमानिकांची विमानं दिवसभर धानाच्या बांध्यांवरून घिरट्या घालायची. खाली उदेलालने दोन वर्षांत अकरा तंटे मिटवले होते. कुणाचा धुरा, म्हणजे शेताचा बांध, कुणाचं पाणी, कुणाच्या बकरीने खाल्लेली कुणाची तूर. २००९ साली तंटामुक्तीच्या बक्षिसासाठी होणाऱ्या तपासणीची तारीख कळली तेव्हा रजिस्टर गच्च भरलेलं होतं. एकच रकाना कोरा राहिला होता, कौटुंबिक हिंसाचाराचा.

"शून्य बरं दिसत नाई," पोलीस पाटील घनश्याम पटले म्हणाला. समितीचे सगळे कागद तोच सांभाळायचा. "शून्य म्हंजे समितीनं कामच केलं नाई, असं वाटते तपासणीवाल्यायले. एक तरी पायजे. दाखल बी पायजे अन् मिटला बी पायजे."

मग तो एक तंटा शोधायला समिती घरोघर फिरली. प्रत्येक नवरा म्हणाला, आमच्याकडे असलं काही नसतं, शेजारी विचारा. शेजारीही तेच म्हणाला. सगळं गाव फिरून समिती पंचायतीच्या ओट्यावर परत आली, तेव्हा उदेलालने छातीवर हात ठेवला.

"माया घरचा लिवा. गावासाठी अध्यक्षानं एवढा त्याग कराले पायजे."

टाळ्या पडल्या. टाळ्या वाजवणाऱ्यांत उदेलालच्या भिंतीला भिंत लागून राहणारा ईश्वरदासही होता. उदेलालच्या बायकोला मार बसू लागला की हा ईश्वरदास अंगणात यायचा आणि मान वर करून विमान पाहत उभा राहायचा. त्या गल्लीत सगळ्यांनाच विमानांची भारी आवड होती.

बायकोचं नाव रामकली. मागच्या पोळ्याला उदेलालने तुतारीने, म्हणजे बैल हाकायच्या काठीने, तिचं डावं मनगट मोडलं होतं. प्लास्टर घालून ती एकटी ठाण्यात गेली. तिथल्या जमादाराने तिला चहा पाजला आणि समजावलं, बाई, आता गावात समिती आहे, आधी तिच्याकडे अर्ज करा. समितीचा अध्यक्ष कोण, हे तिने सांगितलं. तो म्हणाला, मग तर तुमची घरातच सोय झाली. रामकलीला तेव्हा हसू आलं आणि त्या हसण्याचा पुढे कितीतरी दिवस राग येत राहिला. तेव्हापासून तिला एकच गोष्ट हवी होती. शिक्का मारलेला एक कागद, ज्यावर या बाईला नवरा मारतो एवढं लिहिलेलं असेल. तो तिला कुणी देत नव्हतं.

आणि आता उदेलाल स्वतःच कोरे कागद घेऊन चुलीपाशी आला.

"हे घे. मायाविरुद्ध तक्रार लिव."

रामकलीने भाताचा गंज चुलीवरून उतरवला. "काऊन?"

"गावासाठी. खोटीच आहे, भेव नोको. मंग समझोता करू."

"काय लिवू?"

"मारते म्हून लिव."

"कायनं मारते?"

"लिव ना काई बी. डोकं नाई का तुले?"

"कितीक वेळा?"

"तुया मनानं लिव, मी कायले सांगू?" उदेलाल वैतागला आणि तंबाखूचा खर्रा घोटत बाहेर निघून गेला.

सातवी पास रामकलीने मनानेच लिहिलं. चार कागद, पाठपोट. तारखा आठवत नव्हत्या तिथे सण घातले. पोळ्याला तुतारी, दिवाळीला पितळी लोटा, लेकराच्या, संजूच्या, बारशाला चप्पल. मनगटाचा एक्स-रे कुठे काढला आणि तिथे बोडीवर, म्हणजे तळ्यावर, पाय घसरला असं सांगायला कुणी लावलं, तेही लिहिलं. साक्षीदार म्हणून शेजारच्या ईश्वरदासचं नाव टाकलं. साक्षीदाराने काय पाहिलं, यापुढे तिने लिहिलं: विमान.

घनश्यामने ते पंचायतीत बसून वाचलं. मग पुन्हा वाचलं.

"भाभी, हे जरा जास्तच झालं."

"खोटंच त आहे, भाऊजी," रामकली म्हणाली. "खोटं लिवाचं त मन लावून लिवलं."

घनश्यामची नजर तिच्या वाकड्या मनगटावर गेली. त्याने आवक क्रमांक टाकला आणि शिक्का मारला. उदेलालने पहिलं पान वरवर पाहिलं, "पोथीच लिवली बाप्पा," म्हणून हसला आणि चष्मा घरी राहिल्याने पुढचं वाचलं नाही. त्यागाला शोभा यावी म्हणून त्याने वेगळा कबुलीजबाबही दिला. अर्जातील सर्व मजकूर खरा असून मला पश्चात्ताप होत आहे. खाली झोकदार सही केली आणि हाताच्या सवयीने अध्यक्षाचा शिक्काही उठवला.

तपासणीला तालुक्याहून एक मॅडम आल्या. पंचायतीपुढे मांडव, माईक, सगळं गाव हजर. मॅडमनी बारावा तंटा काढला आणि वाचत राहिल्या. इतका वेळ वाचत राहिल्या, की चहा गार झाला.

"समझोत्यावर अर्जदाराची सही नाही," त्या म्हणाल्या.

"आता करते ना. रामकली, कर सही."

कागदावर घनश्यामच्या अक्षरात होतं, पतीविरुद्ध माझी कोणतीही तक्रार उरलेली नाही. रामकलीने पेन धरलं. तिला भीती वाटत होती, चांगलीच वाटत होती. मॅडम जीपमध्ये बसून जाणार होत्या आणि तिला त्याच घरी जायचं होतं.

"नाई करत," ती म्हणाली. "तक्रार उरली आहे."

उदेलाल आधी हसला. मग त्याने मॅडमकडे झुकून सांगितलं, "ते खोटं परकरन आहे, मॅडम. रकाना भराले लिवलं. मारनं-गिरनं काई नाई."

"खोटं? तुमच्या कबुलीसकट, शिक्क्यासकट?" मॅडमनी रजिस्टर मिटलं. "मग बाकीचे अकरा कशावरून खरे?"

मांडवात चुळबुळ झाली. दोन वर्षांचे धुरे, पाणी आणि बकऱ्या एका वाक्यात बुडायला निघाल्या होत्या. सगळ्यांत आधी ईश्वरदास उठला.

"उदेलाल, कबूल कर ना बाप्पा. मारते त मारते. गावाचं बक्षीस जाऊन राहिलं."

ईश्वरदासची आई धुरपताबाई बायकांतून बोलली, "बारा सालापासून आयकून राहिली मी. मी सांगू, का तू सांगते?"

आणि मग गावाला एकदम आठवायला लागलं. कधी काही न पाहिलेल्या माणसांना काठी आठवली, दिवस आठवला, कोणता गाल सुजला होता तेही आठवलं. दिवाळीला लोटा नव्हता, पाण्याचा गुंड होता, अशी एकाने दुरुस्तीही सुचवली. रामकलीला रडू आलं, रागाचं. बारा वर्षं तिला एक तोंड हवं होतं, आणि आज बक्षिसासाठी पन्नास उघडली होती. पण मॅडम ते लिहून घेत होत्या, म्हणून तिने डोळे पुसले आणि कुणाला गप्प केलं नाही.

शेवटी उदेलाल माईकपाशी गेला.

"हो," तो म्हणाला. "मारतो."

"हा तंटा मिटलेला नाही," मॅडमनी शेरा लिहिला. "हे कागद संरक्षण अधिकाऱ्यांकडे जातील, तिथून कोर्टात. बाई, आज राहायची सोय?"

"माया घरी," धुरपताबाई म्हणाली आणि मुलाकडे असं पाहिलं, की ईश्वरदास खाली बसला.

रामकली टेबलापाशी गेली. "पाटील भाऊजी, त्या कबुलीची एक नक्कल मले द्या. शिक्का मारून."

घनश्यामने सवयीने परवानगीसाठी अध्यक्षांकडे पाहिलं. गावावरून विमान चाललं होतं आणि अख्ख्या मांडवात एकटे अध्यक्ष मान वर करून ते पाहत होते.

घनश्यामने शिक्का मारला.