कुसुमबाईचा पाण्यातला कपडा

कडूबाईच्या सुईदोऱ्याच्या डब्यावर एक बाई होती. डबा बिस्किटांचा, निजामाच्या काळातला, तिच्या नवऱ्यानं परभणीच्या बाजारातून कधीतरी आणलेला. बिस्किटं कुणी खाल्ली ते आता कुणाला आठवत नव्हतं, पण झाकणावरची बाई तेवढी टिकली होती. निळा, पांढऱ्या काठाचा, बिनबाह्यांचा कपडा घालून ती समुद्राच्या कडेला कमरेवर हात ठेवून उभी होती. खांद्यावर रुंद पट्टे, खाली आखूड घेर आणि घेराखालून डोकावणारी चड्डी. कडूबाई सुई काढताना बरोबर त्या बाईवर अंगठा ठेवायची. एवढी उघडी बाई सकाळच्या पारी डोळ्यांपुढं नको, असं तिचं म्हणणं. तरी इतक्या वर्षांत डबा बदलायचं तिनं काही मनावर घेतलं नव्हतं.

तिची सून कुसुमबाई अंगठा उचलला की हळूच बघून घ्यायची. तिला त्या बाईच्या उघड्या दंडांशी काही देणंघेणं नव्हतं. तिचं लक्ष पायांकडं. या बाईच्या पायांत काही गुंडाळणार नाही, एवढंच तिच्या मनात यायचं.

कुसुमबाईचं माहेर गोदाकाठचं. दहा वर्षांची होईपर्यंत ती नदीत मासोळीसारखी पोहायची, आणि बरोबर तिची मैत्रीण बायना. मग दोघींच्या अंगाला लुगडं लागलं आणि पोहणं सुटलं. बायना सासरी पाणी शेंदताना पाय घसरून विहिरीत पडली. तिला पोहता येत होतं, पण लुगडं पायांत गुंडाळलं आणि त्यानं तिला वर येऊ दिलं नाही. लोक म्हणाले, नशीब. कुसुमबाईला तेव्हाही ते पटलं नाही आणि पुढंही कधी पटलं नाही.

कुसुमबाईचं सासर सोनपेठच्या अलीकडं, नदीपासून कोसभर आत. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या तुकड्यात सरकारी योजनेतून विहीर झाली होती. पाणी लागलं त्या दिवशी कडूबाईनं पहिली ओंजळ तोंडाला लावली आणि तिथंच बसून रडली. आता उन्हाळ्यात वस्तीतली पोरं पाठीला वाळके भोपळे बांधून त्या विहिरीत धबाधबा उड्या टाकायची. कुसुमबाईची नऊ वर्षांची यशोधरा, घरातली यशू, काठावर बसून त्यांच्या सदऱ्यांची राखण करायची. तिनं एकदा विचारलं, मला कोण शिकवणार?

प्रश्न साधा होता आणि उत्तर अवघड. यशूच्या बापाला, दत्तरावाला, पोहता येत नव्हतं. त्याच्या लहानपणी गावातल्या कुठल्या विहिरीत त्याला कुणी उतरू दिलं असतं? पोरीला पाण्यात धरायला बाई माणूस पाहिजे. बाई घरातच होती, पण तिनं काय नेसून उतरायचं? आणि हाच उन्हाळा हातात होता. पुढच्या वर्षी लोक यशूला मोठी म्हणायला लागले असते, मग काठावरसुद्धा बसू दिलं नसतं. कुसुमबाईच्या डोक्यात किडा वळवळायला लागला तो तेव्हापासून.

त्याच महिन्यात पंचायत समितीचा शिवणवर्ग वस्तीच्या समाजमंदिरात सुरू झाला. शिकवायला नर्मदाबाई सोनपेठहून एसटीनं यायच्या. कडक बाई. आधी बिनदोऱ्याची मशीन कागदावर चालवायला लावायच्या, मग झबलं, मग परकर, मग पोलकं, आणि शेवटी जिच्या तिच्या मनानं एक कपडा, तोही प्रदर्शनात टांगायचा. कुसुमबाईनं आयुष्यात मशीनला हात लावला नव्हता. पहिले आठ दिवस तिची टीप निघायची एकीकडं आणि पोचायची भलतीकडंच. झबलं शिवलं ते असं की त्यात पोर बसवायला आधी पोरच वाकडं पाहिजे होतं. बाया हसल्या, तीही हसली आणि उसवून पुन्हा बसली. हट्टाच्या बाबतीत तिचा हात धरणारं वस्तीत कुणी नव्हतं.

मनाच्या कपड्याची वेळ आली तेव्हा तिनं पिशवीतून डबा काढून नर्मदाबाईंपुढं ठेवला. नर्मदाबाईंनी चष्मा नाकावर सरकवला, बाईकडं बघितलं, मग कुसुमबाईकडं बघितलं. कशासाठी, असं त्यांनी विचारलं आणि कुसुमबाईनं बायनापासून यशूपर्यंत सगळं सांगितलं. नर्मदाबाईंनी डबा उजेडात धरून पुन्हा निरखला. मग म्हणाल्या की असला कपडा त्यांनीही जन्मात शिवलेला नाही, तेव्हा चुकलं तर बोल लावायचा नाही.

शाळेच्या पोरांच्या चड्ड्यांना लागतं ते निळं टेरिकॉट कुसुमबाईनं बाजारातून आणलं. ते पाणी धरत नाही आणि लवकर वाळतं, हे रोज धुणं धुणाऱ्या बाईला कुणी सांगायला नको. पांढऱ्या काठाला दत्तरावाच्या फाटक्या सदऱ्याच्या पट्ट्या काढल्या. दत्तरावाला सांगितलं तेव्हा त्यानं डोकं खाजवलं आणि एवढंच विचारलं की कापड पुरलं का. घेर मात्र तिनं डब्यावरच्या बाईपेक्षा लांब, गुडघ्यापर्यंत धरला. धीट झाली तरी ती सोनपेठकडचीच होती.

कागद कापला, कापड कापलं, टिपा मारल्या, आणि समाजमंदिराच्या मागच्या खोलीत जाऊन तिनं तो कपडा डोक्यावरून घातला. खांद्यापर्यंत आला आणि अडकला. ना खाली जाईना ना वर येईना. हात वर, तोंड आत, अशी ती उभी. झालं होतं असं, की डब्यावरची बाई दिसायची फक्त समोरून. ती त्या कपड्यात शिरली कुठून, हे चित्रात काढलेलं नव्हतं आणि कुसुमबाईनंही विचारात घेतलं नव्हतं. शेवटी तिला हाका माराव्या लागल्या. नर्मदाबाईंनी वरून ओढलं, दोघी बायांनी खालून धरलं, आणि कुसुमबाई बाहेर आली ती केस विस्कटून, घामाघूम होऊन. सगळा वर्ग हसून लोळला. नर्मदाबाईसुद्धा पदर तोंडाला लावून भिंतीकडं वळल्या.

कुसुमबाई मात्र भिंतीला टांगलेल्या आपल्या त्या वाकड्या झबल्याकडं बघत बसली. झबल्याला खांद्यावर बटणं असतात, कारण पोराचं डोकं मोठं आणि गळा लहान. मग बाईच्या कपड्याला का नसावीत? तिनं दोन्ही खांदे उसवले, पट्ट्या दुहेरी केल्या आणि बटणं लावली. आता पायांतून चढवायचं आणि खांद्यावर लावायचं. कपडा अंगाला बसला. पण हात वर केला की सगळंच वर ओढायचं, कारण मापं पोलक्यासारखी सरळ उभं राहून घेतली होती आणि पोहताना कोण सरळ उभं राहतं? मग कमरेत चार बोटं रुंद पांढरी पट्टी घातली. घालून झाल्यावर तिची नजर डब्यावर गेली. त्या बाईच्या कमरेलाही तशीच पांढरी पट्टी होती. इतके दिवस कुसुमबाई तिला नुसती नक्षी समजत होती. त्या दिवशी घरी जाताना तिचे पाय जमिनीवर नव्हते.

घरी कडूबाई वाट बघत होती. वस्तीत बातमी पोचायला वेळ कितीसा लागतो? डबा पिशवीतून गेला तेव्हाच तिला संशय आला होता. तिनं उघड्या अंगाबद्दल एक अक्षर काढलं नाही. तिचं दुखणं वेगळंच होतं.

"कुसुम, त्या पाण्यासाठी आमी जन्म काढलाय," ती म्हणाली. "घागर घेऊन दुसऱ्याच्या हिरीवर उन्हात उभ्या ऱ्हायचो. कुणाला दया आली तर वरून वतायचे, न्हाई तर रिकामं परत. अन् आता तू त्यात खेळणार?"

कुसुमबाई सासूपुढं सहसा बोलत नसे. त्या दिवशी बोलली. "आत्याबाई, तवा हीर दुसऱ्याची हुती, म्हून तुमी काठावर हुत्या. आता हीर आपली हाय. मग माजी लेक कामून काठावर बसंल?"

कडूबाई उठून आत गेली. भाकरी थापताना तिनं दोन वेळा तवा आपटला, पण पुन्हा तो विषय काढला नाही.

विद्यापीठाच्या नामांतराच्या मोर्चासाठी दत्तराव वस्तीतल्या पुरुषांबरोबर औरंगाबादला गेला होता, शेताकडं सामसूम होती. टळटळीत दुपारी कुसुमबाई यशूला घेऊन विहिरीवर गेली. कपड्यावर लुगडं गुंडाळून आली होती, ते पायऱ्यांवर सोडलं. वर वाटेच्या तोंडाशी कडूबाई काठी घेऊन बसलेली दिसली. विहिरीकडं पाठ, तोंड रस्त्याकडं. ती राखण करत होती की रुसून बसली होती, ते विचारायची सोय नव्हती.

कुसुमबाई पाण्यात शिरली. वीस वर्षांनी पाणी गळ्याशी आलं आणि हातपाय आपोआप हलले. तिला रडू येणार होतं, पण तेवढा वेळच मिळाला नाही. घेराखाली हवा शिरली, घेर फुगून वर आला आणि थेट तिच्या तोंडावर बसला. डोळ्यांपुढं सगळं निळं. एक हात घेर दाबायला, एक पोहायला. दोन्ही हात असे गुंतल्यावर पोरीला धरणार कशानं? पायरीवर बसलेली यशू आधी हसली आणि आईचं तोंड बघून गप्प झाली.

घरी येऊन कुसुमबाई ओला कपडा मांडीवर घेऊन उंबऱ्यात बसली. घेर कापून टाकावा, तर नुसत्या चड्डीवर पाण्यात उतरायचं धाडस तिच्यात नव्हतं, आणि ठेवावा, तर तो पोहू देत नव्हता. एवढं करून सगळं पाण्यात गेलं, असं तिला वाटलं. यशू शेजारी बसून काठाची पांढरी पट्टी बोटांनी सरळ करत होती.

तेवढ्यात आतून माळ्यावर खडखड झाली. कडूबाई शिडीवरून उतरली ती धुळीनं माखलेलं जाळं घेऊन. तिचा नवरा नदीत गुडघाभर पाण्यात उभा राहून फेकायचा ते जाळं. त्याच्या कडेला शिशाचे मणी ओवलेले होते, जाळं पाण्यात खाली बसावं म्हणून. म्हणजे विहिरीकडं पाठ करून बसलेल्या या बाईनं सगळं बघितलं होतं तर. ती काही न बोलता सुनेशेजारी बसली, डब्यातली कात्री काढली आणि एकेक मणी कापून काढायला लागली. कुसुमबाईनं घेराच्या दुमडीत मणी भरले, कडूबाईनं दोरा ओवून दिला. डबा दोघींच्या मध्ये उघडा पडला होता, आणि झाकणावरच्या बाईवर त्या दिवशी कुणाचाही अंगठा नव्हता.

दुसऱ्या दिवशी घेर पाण्यात शहाण्यासारखा खाली बसला.

मग रोज दुपारी कडूबाई पोरांना परतवत वाटेच्या तोंडाशी आणि मायलेकी पाण्यात. पहिल्या दिवशी यशूनं आईच्या गळ्याला अशी मिठी मारली की दोघी बुडायच्या बाकी राहिल्या. मग भोपळे बांधले. मग एक भोपळा सोडला. प्रदर्शनाच्या दिवशी सकाळीच यशूनं दुसराही सोडायला लावला. कुसुमबाई समोरच्या कडेला पाण्यात हात पसरून थांबली आणि मनातल्या मनात बायनाला म्हणाली, बघ. यशू पाय झाडत, पाणी उडवत, नाकातोंडात पाणी घेत आली आणि आईचे हात चुकवून थेट दगडाला हात लावून थांबली. कुसुमबाईनं तिच्या तोंडावरचे ओले केस मागं सारले. वर बघितलं तर कडूबाई काठावर उभी होती, तोंड विहिरीकडं. वाटेची राखण कुणाच्या भरवशावर सोडली होती कोण जाणे.

तासाभरातच समाजमंदिरात दोरीवर कपडे टांगले. झबली, परकर, पोलकी, आणि मधोमध कुसुमबाईचा निळा कपडा. विहिरीवरून न पिळताच आणलेला, तो अजून ओलाच होता. कुसुमबाईच्या मनात आलं होतं, कोपऱ्यात लावावा. पण मग स्वतःचाच राग आला आणि तिनं तो मध्ये टांगला. बघायला गावातल्याही बाया आल्या, पंचायत समितीचे साहेब आले. साहेब त्या कपड्यापाशी थांबले आणि हा काय प्रकार, असं त्यांनी विचारलं. नर्मदाबाई तोंड उघडणार, तोच कुसुमबाई पुढं झाली. म्हणाली, पोहायचा कपडा हाय, माजा हाय, मीच शिवला. मागं कुणी हसलं नाही.

गर्दीत एकीनं कपड्याखाली ठेवलेला डबा उचलून बघितला आणि कौतुकानं म्हणाली, अगदी डब्यावरच्या बाईसारखाच झालाय की. कडूबाईला तेवढंही सोसलं नाही. तिनं डबा हातातून घेतला आणि सगळ्यांना दिसेल असा धरला.

"हिच्यासारखा कसा? हिचे केस बघा, कोरडे खडखडीत," ती म्हणाली. "ही जन्मभर काठावरच उभी हाय. माजी सून पवती. नात बी पवती."

आणि घेराच्या कडेनं, शिशाच्या मण्यांवरून, आमच्या विहिरीचं पाणी फरशीवर ठिबकतंय, तेही बघा, असं तिनं साहेबांना बोट दाखवून सांगितलं.